नांव, पत्ता आणि बोगदा

माणसाला एकाहून अधिक नांवें असण्यांत गैर कांहीं नाहीं. कोणत्या ठिकाणीं कोणतें नांव चालवावें हें ज्यास कळतें, तोच व्यवहारांत सुखी होतो. ज्या मालगुंड गांवीं आम्ही हल्लीं राहतों, तेथें १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस केशवसुत म्हणून ओळखतो. परंतु घरच्या मंडळींनीं त्यांस जेवावयास बोलावतांना या नांवानें हांक मारली असेल, असें कोणासही वाटणार नाहीं. बाहेरच्यांसाठीं एक नांव, घरच्यांसाठीं दुसरें, ही सोय जगानें फार पूर्वींच मान्य केली आहे. तिची मर्यादा एका यंत्रास न समजल्यामुळें आमच्या कुटुंबांत जो घोटाळा झाला, त्याची हकीकत वाचकांस सांगण्याजोगी वाटते.

त्या यंत्राचें नांव फायरवॉल. घरांतील संगणक आणि बाहेरचें इंटरनेट यांच्यामध्यें बसलेला हा द्वारपाल दोन कामें करतो. येणाराजाणाराची चौकशी हें पहिलें. पत्ते बदलणें हें दुसरें, आणि त्यास नॅट म्हणतात. कोंकणांतल्या माणसास नॅट समजावून देण्यास मुंबईच्या गिरणगांवांतली गांवकऱ्यांची खोली पुरे आहे. एका खोलींत एका गांवचे अनेक चाकरमाने राहत. टपालाचा पत्ता मात्र सर्वांचा एकच. आंत कोण कोण आहे, याची बाहेरच्या जगास वार्ता नसे. आलेलें पत्र कोणाचें, हें खोली सांभाळणारा पाहून घेई. नॅटही हेंच करतें. घरांतल्या दहा यंत्रांचे पत्ते झांकून सर्वांचीं पाकिटें एकाच पत्त्यानें बाहेर धाडतें, आणि उत्तर कोणाचें हें कळावें म्हणून प्रत्येकाचा 'पोर्ट' नांवाचा आंकडा आपल्या वहींत टिपून ठेवतें.

हा खटाटोप हौसेचा नव्हे, टंचाईचा आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६. जगांतल्या माणसांनाही ते पुरावयाचे नाहींत, मग यंत्रांची कथा काय? म्हणून मे १९९४ मध्यें केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस या दोघांनीं नॅटची योजना लिहून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं मालगुंडास केशवसुतांचें स्मारक उघडलें, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. १९९४ सालींच १९२.१६८ नें सुरू होणारे व असेच आणखी कांहीं पत्ते घरगुती वापरापुरते राखून ठेवण्यांत आले. फेब्रुवारी २०११ मध्यें मध्यवर्ती भांडारांतले शेवटचे गट वांटले गेले, आणि टंचाई इतकी वाढली कीं, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या पुष्कळ घरांस मिळून एकच पत्ता देऊं लागल्या. त्या कामासाठीं २०१२ सालीं १००.६४ पासूनचा एक पट्टा वेगळा काढला गेला. म्हणजे खोलीच्या आंत आणखी खोली झाली.

आतां बोगद्याकडे वळूं. दोन दूरच्या घरांतलीं यंत्रें एकाच छपराखालीं असल्याप्रमाणें एकमेकांशीं बोलावींत आणि वाटेंतल्या कोणास तें बोलणें कळूं नये, यासाठीं जी गुप्त वाट काढतात तिला व्हीपीएन म्हणतात. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांच्या बोगद्यांतून कोंकण रेल्वे जाते, तेव्हां वरच्या डोंगरास आंतल्या उतारूंचीं तोंडें दिसत नाहींत, तसेंच हें. त्याचे आयपीसेक नांवाचे नियम १९९५ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले. त्यांतील एका रीतीनें पाकिटावर जी मोहोर बसते, ती मजकुराबरोबर पत्त्यावरही बसते. नॅटनें वाटेंत पत्ता बदलला कीं मोहोर मोडली, आणि पलीकडचा प्रामाणिकपणें पाकीट नाकारतो! दुसऱ्या रीतींत बाहेरचा पत्ता मोहोरेखालीं येत नाहीं. परंतु तींत पोर्टच नसल्यामुळें आलेलें पाकीट आंतल्या कोणाचें, हें नॅटला उमगत नाहीं. यावर जानेवारी २००५ मध्यें तोड निघाली. मोहोरबंद पाकीट साध्या पाकिटांत घालावें आणि वर ४५०० हा पोर्ट लिहावा. बाहेरचें पाकीट नॅटनें खुशाल बदलावें; आंतलें अभंग राहतें.

आमचा पुतण्या पुण्याच्या एका संस्थेसाठीं इमारतींचे नकाशे काढतो. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून तो मालगुंडास परतला. संस्थेनें अट घातली कीं, दोन महिने काम न अडखळतां चाललें तर गांवीं राहावें, नाहींतर पुण्यास यावें. पुण्यास जाणें म्हणजे वहिनींनीं बरोबर जाणें आणि घरास कुलूप लागणें. कोंकणांत कुलपें लागलेलीं घरें किती आहेत, हें सांगावयास नको. एकदां लागलेलें कुलूप गणपतीशिवाय निघत नाहीं. आमचें आयुष्य अशाच यंत्रांच्या सहवासांत गेल्यामुळें पुतण्या आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, बोगदा तर उभा आहे, पण आंतून कांहीं जात नाहीं."

फायरवॉल बसवून देणारा गृहस्थ केव्हांच निघून गेला होता. दोन्ही घरांचे अंतर्गत पत्ते एकच नाहींत ना, हें आम्हीं आधीं पाहिलें. ते निराळे होते. मालगुंडाच्या जोडणीस १००.६४ च्या पट्ट्यांतला पत्ता होता, म्हणजे बाहेरून कोणास हांक मारून हें घर सांपडणें शक्य नव्हतें. परंतु बोगद्याची सुरुवात मालगुंडाकडून होत असल्यामुळें तीही अडचण नव्हती. किल्ल्यांची देवघेव दोन्ही बाजूंस व्यवस्थित झाल्याची नोंद होती. मग आम्हीं पुण्याच्या माणसास मालगुंडाच्या यंत्राला हांक मारावयास सांगितलें. तत्काळ ओ मिळाली. मालगुंडाहून पुण्यास मारलेली हांक मात्र एकदांही पोंचली नाहीं.

एका बाजूनें ओ मिळते व दुसऱ्या बाजूनें हांक पोंचत नाहीं, यांत रोगाचें निदान आलें. नॅट आपले नियम संभाषणाच्या पहिल्याच पाकिटाला लावतें. पुढचीं पाकिटें व उत्तरें वहींतल्या नोंदीप्रमाणें जातात. पुण्यानें सुरू केलेल्या संभाषणांत मालगुंडाचें पाकीट उत्तर म्हणून जाई, त्यास कोणी हात लावीत नसे. मालगुंडानें स्वतः तोंड उघडलें, कीं घरांतून निघालेल्या प्रत्येकाचा पत्ता बदलावा, या सरसकट नियमांत तें सांपडे. बोगद्याच्या दारावर लिहिलेलें, कीं मालगुंडाच्या घरगुती पत्त्यांनाच आंत प्रवेश. पत्ता आधींच बदललेला. तेव्हां आपल्याच घरचें माणूस दारावरून परत फिरे. त्याहून वाईट म्हणजे तें पाकीट बोगद्याऐवजीं उघड्या रस्त्यावर जाई, आणि १९२.१६८ चें घर त्या रस्त्यावर कोठेंच नसल्यामुळें तेथें फेंकून दिलें जाई.

उपाय एका ओळीचा होता. पुण्याच्या घरीं जाणाऱ्याचा पत्ता बदलूं नये, असा नियम सरसकट नियमाच्या वर लिहिला. 'वर' हा शब्द महत्त्वाचा; कारण द्वारपाल यादी वरून वाचतो आणि पहिला लागू पडेल तो नियम पाळून थांबतो. तोच नियम खालीं लिहिला असता तर व्यर्थ गेला असता. दुपारीं काम थांबलें कीं कंपनीचें नॅट आपल्या वहींतली नोंद पुसून टाकी व बोगदा मुका होई, असाही एक उपद्रव निघाला. दर वीस सेकंदांस एक रिकामें पाकीट पाठविण्याची सोय करतांच तो गेला. त्यानंतरचे दोन महिने काम चाललें. घर उघडें आहे.

या सर्व प्रकारांत कुलुपें भक्कम होतीं, किल्ल्या खऱ्या होत्या, बोगदा सरळ होता. चुकली ती ओळख. सुरक्षितपणाच्या नांवाखालीं आपण सर्वांना एकच नियम लावतों, आणि परक्यासाठीं घातलेला बुरखा घरच्यांशीं बोलतांनाही काढावयाचें विसरतों. यंत्रांचें तेंच, आणि माणसांचेंही फारसें निराळें नाहीं. पत्त्यांची नवी पद्धत आली आहे, तींत पत्त्यांची टंचाई नाहीं. ती सर्वत्र रूढ झाली म्हणजे नॅटची गरज पुष्कळशी संपेल. पण आपला कोण व परका कोण, हें आधीं ठरवून मग नियम लिहिण्याची गरज तेव्हांही उरेल. तें काम द्वारपालाचें नव्हे, घरधन्याचें आहे.