मागची बाजू

फ्रान्समधल्या आँजे शहराच्या किल्ल्यात, मुद्दाम अंधुक ठेवलेल्या एका लांबलचक दालनात जगाचा अंत टांगलेला आहे. सात डोक्यांचे राक्षस, कोसळणारी शहरं, घोड्यावर बसून आलेला मृत्यू. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाची ही विणलेली गोष्ट. आँजूचा ड्यूक पहिला लुई याने ती 1373च्या सुमारास करायला घेतली. हा राजा पाचव्या चार्ल्सचा धाकटा भाऊ. नमुन्यासाठी त्याने भावाच्या संग्रहातली सचित्र पोथी नेली आणि चित्रकारही त्याच्याच दरबारचा घेतला, यान बोंदोल. भाऊ राजा असण्याचे असेही फायदे!

मुळात हा पट सुमारे 140 मीटर लांब होता. त्यातला 100 मीटरच्या आसपास आज उरला आहे. सगळं काम लोकरीचं. टॅपिस्ट्रीत चित्र कापडावर काढत नाहीत, कापडच चित्र होऊन मागावर वाढतं. ताणा, म्हणजे उभा धागा, साधा, बिनरंगाचा, आणि शेवटी तो पुरता झाकला जातो. रंग सगळा बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा. पण हा बाणा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही, आपल्या रंगाची हद्द आली की मागे वळतो. येवल्याच्या विणकराला हे समजावून सांगायला नको. पैठणीच्या पदरावरचा मोर तो याच रीतीने विणतो, रंगागणिक वेगळी तिल्ली घेऊन.

आँजेचा पट पैठणीसारखाच दोन्ही बाजूंनी पाहावा असा. धाग्यांची टोकं विणीतच अशी जिरवली आहेत की उलट-सुलट ओळखू येऊ नये. या कष्टाचं मोल कळायला मात्र सहाशे वर्षं लागली. मधल्या काळात पटाचे हाल कुत्रा खाईना. 1782मध्ये तो विकायला काढला, तर गिऱ्हाईक मिळेना. राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे झाले. कुठे हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांवर पांघरायला, कुठे तबेल्यात, कुठे पायपुसणं म्हणून. 19व्या शतकाच्या मध्याला झुबेर नावाच्या एका धर्मगुरूने ते तुकडे गोळा करून डागडुजी केली.

पुढे 1982मध्ये पटाच्या मागचं अस्तर उसवलं, आणि आत रंग जसेच्या तसे! दर्शनी बाजूचा विटका निळा तिथे गर्द हिरवा होता. जुन्या टॅपिस्ट्रींमधली झाडं निळसर दिसतात त्याचं कारण हेच. हिरवा रंग पिवळा नि निळा एकावर एक चढवून करायचे, आणि उजेडात पिवळा आधी उडतो.

टॅपिस्ट्रीच्या कलेचं खरं नुकसान मात्र उजेडाने केलं नाही, मोठेपणाच्या हौसेने केलं. 14व्या शतकातल्या विणकराने मोजक्या रंगांत जगाचा अंत उभा केला. पॅरिसमध्ये 1662 साली गोबलँ हा टॅपिस्ट्रीचा राजकारखाना उभा राहिला आणि विणकर हळूहळू चित्रकाराचा नक्कलनवीस झाला. 18व्या शतकात उद्रीसारख्या चित्रकाराने तर हुकूमच सोडला, तैलचित्रातली छटा न् छटा लोकरीत उतरली पाहिजे. विणकर कुरकुरले. रंगाऱ्यांनी छटा वाढवत नेल्या, त्यातल्या नाजूक छटा लवकर उडाल्या. एवढा खटाटोप करून हाती आलं काय? दुरून पाहिलं तर तैलचित्र वाटावं असं कापड. मग तैलचित्रच का लावू नये?

झाँ ल्युर्सा या चित्रकाराने 1938मध्ये आँजेचा पट पाहिला आणि उलटा रस्ता धरला. रंग मोजके, लोकर जाडीभरडी, आणि कार्टूनवर, म्हणजे मूळ आराखड्यावर, रंगाऐवजी नुसते आकडे. आकडा सांगेल ती लोकर विणकराने उचलायची. अणुबाँबनंतरच्या जगावरची त्याची सुमारे 80 मीटरची मालिका आज त्याच शहरात आहे, एका जुन्या इस्पितळाच्या दालनात. तीही बघण्यासारखी आहे, पण पॅरिसहून आँजेला गेलात आणि वेळ थोडाच असला तर आधी किल्ला गाठा.