ताराबाईंचे एकच पुस्तक

एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परंतु स्त्रीला दोषी ठरवण्याचा अधिकार पुरुषाला मुळात मिळाला कुठून, असा थेट सवाल ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधात केला. ताराबाई मूळच्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी नोकरीत होते आणि पुरोहितशाहीविरुद्ध जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवले.

निबंधाला निमित्त झाले सुरतच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. आपल्या अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर, म्हणजे हद्दपारीवर आली. मात्र त्या काळात वर्तमानपत्रांनी साऱ्या विधवांवरच झोड उठवली आणि तिला त्या अवस्थेला नेणाऱ्या पुरुषाची साधी चौकशीही कोणी केली नाही. ताराबाईंचा संताप नेमका इथला आहे. साहस, कपट, अविचार असा स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण त्या हाती घेतात आणि तो पुरुषात किती आहे ते मोजून दाखवतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय, ही त्यांची विचारणा पुराणातल्या दाखल्यानेच पुराणिकाला निरुत्तर करते. स्वतःचा पोशाख खुशाल बदलणाऱ्या पुरुषाला बायकांच्या बाबतीतच तेवढी परंपरा आठवते, हेही त्या बजावतात. बोलण्यातली ही तडफ, घरगुती शब्दांचा हा मारा, त्या काळच्या मराठी गद्यात क्वचितच सापडतो.

फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ते विस्मृतीत गेले आणि ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक उपलब्ध नाही. मराठीचे हे नुकसान भरून येण्यासारखे नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली निबंध पुन्हा प्रकाशात आणला आणि १९९४ साली रोझालिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ताराबाईंचे नाव व्याख्यानांत वारंवार निघते, पण निबंधातील युक्तिवादाची चर्चा त्या मानाने फार थोडी होते. एका बैठकीत संपेल एवढा तो निबंध मराठी वाचकाने मुळातून वाचावा.