काचेआडचं ऊन

घाटाजवळच्या एका छोट्या खासगी प्राणीसंग्रहालयात मी प्राण्यांची देखभाल करतो. मकाव, आफ्रिकेतली सुलकाटा कासवं आणि तीन हिरवे इग्वाना माझ्याकडे आहेत. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झाडावर राहतो, पाला खातो, शेपटीसकट पाच-सहा फूट वाढतो.

मी कामाला लागलो तेव्हा तिघंही काचेच्या खोलीत होते. सकाळी आत भरपूर ऊन यायचं आणि तिघं त्यात पडून असायचे. त्यांतल्या मादीच्या मांड्या चांगल्या भरलेल्या. "काय गुटगुटीत आहे!" असं येणारे-जाणारे म्हणायचे.

पावसाळा लागला तशी ती फांदीवर चढेनाशी झाली. मग पायाची बोटं मधूनच थरथरायला लागली. पाला तोंडात घ्यायची आणि तसाच सोडून द्यायची.

आमच्याकडे गुरांचे डॉक्टर येतात. थरथर बघून ते म्हणाले, "व्यायलेल्या गाईचं कॅल्शियम उतरलं की सुरुवातीला अशीच थरथर येते. पण याचा डोस मला माहीत नाही, मी अंदाजाने इंजेक्शन देणार नाही. पुण्याला न्या." या सरळपणाबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. तो रबरासारखा वाकला. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड भोवतीच्या मांसाइतकंच फिकट दिसत होतं. माझ्या पोटात गोळा आला. हाडातलं कॅल्शियम निघून गेलं की शरीर तिथे तंतूंचा जाड थर भरतं, आणि मांडी फुगते. गुटगुटीत दिसत होतं ते हे दुखणं होतं.

कारण काचेत होतं. उन्हातले यूव्हीबी किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यांच्याशिवाय इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ऊब मिळत होती, उजेड मिळत होता, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. त्यात वर्षानुवर्षं खाणं पालक आणि काकडी. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं, काकडीत तर बहुतेक पाणीच.

कॅल्शियमचं पातळ औषध सुरू झालं. मऊ जबडा उघडायला गेलं तर मोडायची भीती. मग बिनसुईच्या सिरिंजने एकेक थेंब ओठाच्या कडेला लावायचा. ती जीभ काढून चाटायची. वेळ लागायचा, पण औषध पोटात जायचं.

खोलीत यूव्हीबी ट्यूब बसवली, मध्ये काच नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर धड ऊन पडत नाही, त्यामुळे ती लागतेच. ट्यूबचा उजेड तसाच दिसत राहतो, किरण मात्र सहा महिने ते वर्षभरात कमी होतात. म्हणून बसवल्याची तारीख मार्करने पट्टीवर लिहितो. ऊब देणारा बल्ब वेगळा. त्याखालची फांदी ३५ अंशांच्या आसपास. उघडीप मिळाली की जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर, अर्धा भाग सावलीत. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नका, आत तापून जीव जातो. खायला आता शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, थोडी लसूणघास, वरून कॅल्शियमची पूड.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर इग्वाना वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे आणि परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ती केलेली असू द्या.

थरथर आधी थांबली. हाडं भरायला कित्येक महिने गेले. ती आता फांदीवर चढते, पण जबडा आखूड राहिला आणि पाठीचा बाक गेला नाही. तिचा पाला मी बारीक चिरून देतो. बाकी दोघांचा एक्स-रे लगेच काढला, ते वेळेत सापडले. तुमच्या घरी इग्वाना असेल तर त्याची बोटं कधी थरथरतात का बघा, मांड्या अचानक भरल्यासारख्या वाटल्या तर एक्स-रे काढून घ्या, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. त्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.