डबीतली नाणी

आगमन काळ लागला की धर्मग्रामात भेटवस्तूंच्या चर्चेला ऊत येतो. कुणी कुणाला काय द्यायचे, गेल्या नाताळात कुणाकडून काय आले, ह्याचे हिशेब मिस्सा संपताच देवळाच्या पायऱ्यांवर सुरू होतात. अलीकडे ह्या भेटींत एका वस्तूची भर पडलेली आम्ही पाहतो आहोत. मखमली डबी, वर पारदर्शक आवरण आणि आत ओळीने बसवलेली नवीकोरी नाणी. धर्मपिता आपल्या धर्मपुत्राला ती देतो, आखातातून सुट्टीवर आलेला मामा भाच्याला देतो, आणि देताना एक वाक्य हमखास उच्चारले जाते : "उघडू नकोस हं, किंमत जाईल!"

ह्या वाक्याशी आमचे थोडे भांडण आहे.

नाण्यांशी मात्र मुळीच नाही. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा ह्या सरकारी टांकसाळींत पाडलेले एखादे स्मारकनाणे जवळून पाहावे. उत्तम प्रतीच्या संचातील नाण्यासाठी साचा घासून आरशासारखा करतात, चकतीही खास तयार करतात आणि ठसा एकाहून अधिक वेळा उमटवतात. त्यामुळे पार्श्वभूमी चकाकते आणि चेहरा दुधाळ उठून दिसतो. संत अल्फोन्साच्या जन्मशताब्दीचे नाणे २००९ साली निघाले. एका केरळी मठकन्येची मुद्रा भारत सरकारच्या नाण्यावर आलेली पाहून आमचाही ऊर भरून आला होता. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, मदर तेरेसांच्या जन्मशताब्दीची नाणी आली. एक पाच रुपयांचे, एक शंभराचे. मदर १९४८ साली लोरेटोचा मठ सोडून बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्याजवळ पाचच रुपये होते, असे त्यांच्याविषयी सांगतात. त्या पाच रुपयांचे काय झाले असेल, हे सांगायला चरित्रकार नको. ते खर्च झाले.

आपल्या आजी-पणजींच्या काळीही नाण्यांचा संच भेट मिळत असे. त्याला पुतळ्यांची माळ म्हणत. ह्या पुतळीचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यात आहे. व्हेनिसने ते १२८४ साली प्रथम पाडले. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील सत्ताधीश, तर दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला प्रभू ख्रिस्त. व्यापाराच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्याला लागले आणि येथील सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या. नकलेवरून नकल होताना लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या, आकृत्या पुसट झाल्या आणि पाहणाऱ्याने त्यांत आपापल्या देवतांची रूपे पाहिली. अखंड महाराष्ट्राच्या गळ्यात संत मार्क असा अनोळखी होऊन विसावला, ह्याची आम्हांला नेहमीच गंमत वाटत आली आहे. पण सांगायचे ते वेगळेच. ती माळ मोडण्यासाठी होती. बाळंतपण, पावसाने नासलेली शेती, मुलाचे शिक्षण; प्रसंग आला की एक पुतळी निघत असे आणि उरलेल्या पुन्हा ओवल्या जात. माळ आखूड होई, घर उभे राही.

डबीतला संच मात्र मोडता येत नाही. ह्याचा अनुभव आम्ही जवळून घेतला आहे. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक विधवा बाई पिशवीभर डब्या घेऊन आमच्याकडे आल्या. यजमानांनी दर नाताळात एक, असे संच घेऊन मुलीच्या नावे ठेवले होते. आता त्याच मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. "फादर, हे म्हणायचे, ही आपली पुंजी आहे," त्या म्हणाल्या. आम्ही त्यांच्यासोबत आधी सोनाराकडे गेलो. शंभर रुपयांचे ते रुंद नाणे पस्तीस ग्रॅमचे असते, पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. सोनाराने ते हातात तोलले आणि परत केले. चलनी नाणे वितळवणे हा गुन्हा आहे, असे तो म्हणाला. त्याचे खरे होते. २०११ च्या नाणे कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. मग नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने एकेक डबी उजेडात धरली. दोन संचांवर दमट हवेने डाग धरले होते. त्या त्याने बाजूला सारल्या. उरलेल्यांची जी रक्कम सांगितली ती यजमानांनी मोजलेल्या किमतीपेक्षा कमी होती. "असे संच घरोघरी जपून ठेवलेले आहेत," तो म्हणाला, "सगळेच जपतात, मग दुर्मिळ कसे होणार?" तो लबाड नव्हता. बाईंनी पैसे मोजून घेतले, वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. शस्त्रक्रियेची उरलेली रक्कम पुढे धर्मग्रामाने आणि नातलगांनी उभी केली.

ह्याहून वाईट प्रकारही घडतात. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी 'शुल्क' उकळणारे भामटे इतके माजले, की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट अवश्य घालावी.

संत लूकच्या शुभवर्तमानात दहा चांदीची नाणी असलेली एक स्त्री आहे. त्यातले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडून काढते. तो तिच्या विवाहातला मस्तकालंकार असावा, असे काही भाष्यकार म्हणतात. मूळ पाठात तसे काही नाही. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना बोलावते. सेमिनरीत असताना आम्हां विद्यार्थ्यांना हसू येई, की त्या मेजवानीत ते नाणे खर्चूनच गेले असेल! आमचे प्राध्यापकही हसत. आणि ज्याच्या नावाने नाताळच्या भेटींची प्रथा सांगतात त्या संत निकोलसची आख्यायिका पाहा. गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. 'उघडू नका' असे काही त्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून धर्मपित्यांना आमची सूचना एवढीच : संच द्यायचा तर खुशाल द्यावा, पण भाव वाढेल हे आश्वासन देऊ नये. मुलाला डबी उघडू द्यावी. वर्षाखालची खूण त्याला शोधू द्यावी. चौकट दिसली तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसले तर कोलकाता. अल्फोन्सा कोण होती, हे त्याने विचारले तर उत्तर तयार ठेवावे. आणि मुलीच्या भविष्याची तरतूद करायची असेल तर ती पतपेढीत वा पोस्टात करावी; तेथे मखमल नसते.

गेल्या रविवारी दानपेटी मोजताना मदर तेरेसांचे पाच रुपयांचे एक नाणे हाती लागले. पिवळा रंग काळवंडलेला, कडा झिजलेल्या, पदराच्या रेघा कित्येक बोटांनी पुसट केलेल्या. आमचा तरुण सहायक म्हणाला, "फादर, हे ठेवून घेऊ या का?" आम्ही ते थोडा वेळ पाहिले, पाच-पाचच्या ढिगात ठेवले आणि सोमवारी बँकेत भरले.