आधी लाकूड, मग इंजिन

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
मार्चअखेर

चि. ओंकार,

फायबरग्लासची बोट बाहेरच्या पाण्याने सहसा खराब होत नाही. ती खराब होते आत शिरून साचलेल्या पाण्याने. मिशिगन राज्यात अकरा हजारांहून अधिक तळी आहेत, आणि तिथल्या गावांतून परसात, कोठाराच्या आडोशाला, फाटक्या ताडपत्रीखाली ट्रेलरवर उभ्या असलेल्या सतरा-अठरा फुटी मोटरबोटी पैशाला पासरी मिळतात. त्यांत स्टर्नड्राइव्ह जातीच्या बोटींचा भरणा मोठा. या रचनेत इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला असते आणि पंखा बाहेर लोंबणाऱ्या पायाला असतो. व्होल्वो पेंटाने ही रचना १९५९ मध्ये बाजारात आणली, पाठोपाठ १९६१ मध्ये मर्क्रूझर आली. आतले इंजिन बहुधा जनरल मोटर्सच्या मोटारीच्या इंजिनावरून घडवलेले असते. त्यामुळे मोटारीची थोडी माहिती असलेल्या माणसाला अशी जुनी बोट घरी दुरुस्त करण्याचे काम जमण्यासारखे वाटते, आणि योग्य क्रमाने केले तर ते जमतेही. बहुतेक लोक मात्र इंजिनापासून किंवा रंगापासून सुरुवात करतात. तसे केले तर सुरू झालेले इंजिन पुन्हा उतरवावे लागते, कारण ज्या लाकडावर ते बसले आहे तेच कुजलेले निघते.

सर्वांत आधी कागद पाहावेत. १ नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बांधलेल्या प्रत्येक बोटीच्या मागच्या भिंतीवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची, आणि १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. हा क्रमांक मालकीच्या कागदावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. मिशिगनमध्ये वीस फूट किंवा त्याहून लांब बोटीला मालकीपत्र लागते, आणि इंजिन कायमचे बसवलेले असेल तर त्याहून लहान बोटीलाही. म्हणजे अठरा फुटी स्टर्नड्राइव्हला ते लागतेच. ट्रेलरची नोंदणी वेगळी. ‘कागद नंतर पाठवतो’ असे विकणारा म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कागदांनंतर लाकूड. फायबरग्लासच्या बोटीत लाकूड कुठून आले, असे नवख्याला वाटते. जुन्या बोटींत मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, ही प्लायवुडची असे आणि तिला दोन्ही बाजूंनी काचतंतू व पॉलिस्टर रेझिनचे कवच चढवलेले असे. तळाशी लांबीने जाणारे वासे, म्हणजे स्ट्रिंगर, आणि वरची पायफळीही बहुधा अशाच लाकडाची. कवच शाबूत असेपर्यंत लाकूड टिकते. पण मालक त्यात भोके पाडतो. शिडीसाठी, खोली मोजणाऱ्या यंत्रासाठी, खुर्च्यांसाठी स्क्रू मारले जातात आणि त्यांभोवती सीलंट भरायचे राहून जाते. पाणी काढण्याच्या बुचाची नळीही सैल होते. अशा प्रत्येक भोकातून ओल आत जाते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला ते मानवते. त्यातही पावसाचे गोडे पाणी अधिक घातक, कारण मीठ या बुरशीला काहीसे आवरते. तळ्याच्या प्रदेशातील उघड्यावर ठेवलेली बोट समुद्रातील बोटीपेक्षा आतून अधिक कुजलेली निघते, त्याचे कारण हेच. कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, त्यामागेही हाच अनुभव आहे. न वापरलेल्या होडीला समुद्रापेक्षा पाऊस अधिक खातो.

कूज ओळखण्याचे साधन साधे आहे: प्लॅस्टिकच्या डोक्याची लहान हातोडी. ट्रान्समवर आणि स्ट्रिंगरवर वीतवीत अंतराने ठोकत जावे. निरोगी जागी टणक, कोरडा आवाज येतो. कुजलेल्या जागी बद्द. शंका आली की तिथे आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक ड्रिलने भोक पाडावे. भुसा फिका आणि कोरडा निघाला तर लाकूड चांगले. काळपट, ओला, आंबूस वासाचा निघाला तर नाही. पाडलेली भोके नंतर इपॉक्सीने बुजवावीत. याखेरीज एकाने ड्राइव्हचा खालचा भाग धरून वर-खाली जोर द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्समकडे पाहावे. भिंत लवताना दिसली तर अधिक तपासाची गरज नाही. पायफळीवर चालताना पाय दबतो का हेही पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये; पायफळी बदललेली आणि तिच्याखालचे स्ट्रिंगर तसेच कुजके ठेवलेले, अशा बोटी बाजारात पुष्कळ आहेत.

पायफळीखाली पोकळीत फोम भरलेला असतो. वीस फुटांखालच्या एकतळी बोटींना, पाणी भरले तरी बुडून जाऊ नयेत म्हणून, तरंगत ठेवणारी सोय अमेरिकेच्या नियमाने आवश्यक आहे. हा फोम बंद पेशींचा असला तरी वर्षानुवर्षे पाण्यात बसला की स्पंजासारखा भरतो. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. दहा घनफूट फोम भिजला तर बोट तीन माणसे कायमची घेऊन फिरते. ट्रकच्या वजनकाट्यावर ट्रेलरसह वजन करून ते निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिले तर हे उघडे पडते. भिजलेला फोम वाळत नाही, तो खणून काढावा लागतो. काढल्यावर जागा रिकामी सोडण्याचा मोह घातक आहे. फोम तरंगण्यासाठी तर हवाच, शिवाय अनेक बोटींत पायफळीला आणि तळाला त्याचाच आधार असतो. दुरुस्ती संपताना नवा, दोन द्रवांचा पॉलियुरेथेन फोम ओतावा आणि पाणी मागे वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. इंजिन आणि ड्राइव्ह उतरवावे. उतरवण्याआधी इंजिनाच्या आधारांची उंची आणि जागा मोजून, लिहून, छायाचित्रे काढून ठेवावीत. नवे स्ट्रिंगर याच मापाने उभे राहायचे असतात. स्ट्रिंगर कापण्याआधी बोटीच्या तळाला सगळीकडून टेकू द्यावेत आणि दोन्ही बाजूंचे स्ट्रिंगर एकदम काढू नयेत. आधार नसलेला तळ काही दिवसांत वाकतो, आणि त्या वाकलेल्या आकारावर नवे लाकूड पक्के झाले की बोट पाण्यात कधीच सरळ धावत नाही. ट्रान्सम मात्र आतल्या बाजूने उघडतात: आतले कवच कापायचे, कुजलेले लाकूड छिन्नीने काढायचे, बाहेरचे कवच तसेच ठेवायचे. त्यामुळे बाहेरचा आकार हलत नाही. नंतर बोट छपराखाली, पंखा लावून, नीट वाळू द्यावी. या टप्प्यावर घाई करणाऱ्याचे सगळे पुढचे श्रम वाया जातात, कारण ओल्या कवचावर रेझिन धरत नाही.

नवे लाकूड मरीन प्लायवुडचे घ्यावे. त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही आणि थरांमध्ये पोकळ्या नसतात. दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून हवी ती जाडी आणावी. मर्क्रूझरच्या ड्राइव्हला ट्रान्समची जाडी दोन ते सव्वादोन इंच लागते आणि दोन्ही पृष्ठभाग समांतर लागतात, नाहीतर सील बसत नाही. लाकडाच्या कडा आणि प्रत्येक भोक आतून इपॉक्सीने भिजवावे. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कडांतून. जुन्या कवचाला नवा काचकपडा जोडताना जुनी कड घासून लांब उताराची करावी. जाडीच्या बारापट लांब उतार हे नेहमीचे माप.

रेझिन कोणते घ्यावे याबद्दल लोक हिरिरीने भांडतात. पॉलिस्टर स्वस्त असते आणि मूळ बोट त्याचीच असते. पण वाळलेल्या जुन्या पॉलिस्टरवर नवे पॉलिस्टर तितके घट्ट बसत नाही. इपॉक्सी महाग, पण लाकडाला आणि जुन्या कवचाला दोन्हींना घट्ट धरते. ट्रान्सम व स्ट्रिंगरसाठी इपॉक्सीच वापरावे. वाचवलेले पैसे तिथे अंगाशी येतात. त्यासोबत विणलेला किंवा शिवलेला काचकपडा घ्यावा. तुकड्यांची साधी चटई नको, कारण तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधील स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. वाळलेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट थर येतो. पुढचा थर देण्याआधी तो पाण्याने धुऊन घासावा.

काचेची धूळ आणि रेझिनची वाफ या दोन्ही गोष्टी जिवाशी खेळतात. ग्राइंडर हातात असताना डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर गाळणी बसवलेला मुखवटा, अंगभर कपडे. कापडी मास्कने रेझिनची वाफ अडत नाही; त्याला सेंद्रिय वाफेसाठीची वेगळी गाळणी लागते. तळाला जुना शेवाळरोधक रंग असेल तर तो कोरडा घासू नये. त्यात तांबे असते, आणि १९८८ पूर्वीच्या रंगात कथिलाची विषारी संयुगेही असू शकतात. अमेरिकेने लहान बोटींवर ती त्या वर्षी बंद केली.

इंजिनाची पहिली परीक्षा हिवाळ्याची असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि तळ्याचे पाणी ज्या इंजिनातून फिरते त्यातून ते शरदात काढले नसेल तर ओतीव लोखंडाचा ब्लॉक फुटतो. ब्लॉकच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, आडवी गंजाची रेघ दिसते का पाहावे. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधी असेल तर पाणी आत गेले आहे. फुटलेल्या ब्लॉकवर डिंक-लांबी लावून उपयोग नाही. ब्लॉक शाबूत असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी हाताने फिरवून पाहावे, आणि मगच स्टार्टर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा.

मोटारीचे सुटे भाग वापरण्याबद्दल मात्र ठाम राहिले पाहिजे. मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्यूटर दिसायला तसेच आणि स्वस्तही असतात, पण त्यांची ठिणगी बाहेर पडू शकते. मोटारीखाली वारा वाहतो. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचून राहते. बोटीचे भाग ठिणगी आत कोंडतील असे बांधलेले असतात, आणि कार्ब्युरेटर जादा पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच सोडतो. याच कारणासाठी इंजिनाच्या खणात हवा ओढणारा पंखा असतो, आणि इंजिन सुरू करण्याआधी तो चार मिनिटे चालवायचा असतो.

ड्राइव्हकडे वळताना रबराच्या भात्यांचा पहिला मान. पाण्याच्या पातळीखाली असलेले हे भाते चिरले की उभी बोट रात्रीत बुडते, म्हणून वय माहीत नसेल तर ते बदलावेच. गिअरचे तेल काढून पाहावे. दुधी रंग म्हणजे सील गेले. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर नवा घालावा. इंजिन पुन्हा बसवताना, ड्राइव्हचा दांडा ज्यातून जातो त्या गिंबल बेअरिंगशी त्याची रेषा सरळीच्या दांड्याने जुळवून घ्यावी. गंज स्वतःवर घेणारे अॅनोड गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे असावेत, जस्ताचे समुद्रासाठी. घरी इंजिन सुरू करताना ड्राइव्हला नळाचे पाणी जोडलेलेच असले पाहिजे, कारण कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो.

इंधनाची टाकी पायफळीखाली असते, म्हणून फळी उघडी असतानाच ती काढून दाबाने तपासावी. जुने पेट्रोल टाकून द्यावे. दहा टक्के इथेनॉलचे चालते. पंधरा टक्क्यांचे बोटीत भरण्यास अमेरिकेत मनाई आहे. नळ्या मरीन दर्जाच्या, त्यावर ए१-१५ ही खूण छापलेल्या. वायरिंगमध्ये कल्हई केलेली तांब्याची तार, चिमटा मारलेले जोड, आणि बॅटरीजवळच फ्यूज. जुन्या मालकांनी एकावर एक जोडलेल्या तारांचा गुंता सोडवत बसण्यापेक्षा सगळे नव्याने ओढणे सोपे पडते.

चकाकी सर्वांत शेवटी. जेलकोट, म्हणजे कवचाचा बाहेरचा चकचकीत थर, पांढुरका पडला असेल तर पाणकागदाने क्रमाक्रमाने बारीक घासून, मग कंपाउंड, मग मेण. ट्रेलरचे बेअरिंग धुऊन ग्रीस भरावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या बाजूवरचे चार अंक वाचावेत. ते तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात.

या कामातून पैसे सुटत नाहीत. दुरुस्त बोट विकून आलेली किंमत सामानाच्या खर्चाला क्वचितच पुरते, श्रम तर सोडाच. नुसता ट्रान्सम कुजलेला असेल तरी बोट घ्यावी. नुसता ब्लॉक फुटलेला असेल तरी घ्यावी, इंजिन दुसरे मिळते. दोन्ही एकदम असतील तर फुकट दिली तरी घेऊ नये.

पाण्यात प्रथम उतरवताना बूच लावले का ते दोनदा पाहावे, पट्टा ट्रेलरला अडकवलेलाच ठेवून तळात पाणी येते का ते पंधरा मिनिटे बघावे. आग विझवण्याचा सिलिंडर नवा असावा. पुन्हा न भरता येणारा सिलिंडर तयार झाल्यापासून बारा वर्षांनी बाद धरला जातो. इंजिन बंद करणारी दोरी बोटीत असेल तर ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात उघड्या डेकवर लाइफजॅकेट असलेच पाहिजे. मोठ्यांनीही ते घालावे, आणि पहिल्या फेरीला मुलांना काठावरच ठेवावे.

तुझा,
मामा