पायरी

मागच्या वर्षी गौरी-गणपतीला आई उलव्याहून नागावला एसटीने गेली.

खाली माझा डबल कॅब पिकप उभा, डिझेल फुल्ल, मी हापिसात आठवडाभर आधी रजा टाकलेली. आणि आई म्हणे, "तुम्ही या रे निवांत, मी पुढे होते. पनवेलवरून अलिबाग गाड्या सारख्या असतात." मला वाटलं, हिला काकूबरोबर मखराची तयारी करायची असेल. रिक्षाने पनवेल स्टँडवर नेऊन सोडली, खिडकीची जागा मिळवून दिली, आणि चांगला मुलगा असल्याच्या समाधानात परत आलो.

खरं कारण कळायला दिवाळी उजाडली. तेही आईकडून नाही, आमच्या सात वर्षांच्या कन्येकडून. "बाबा, आजीला तुझ्या गाडीत चढता येत नाही. तू ते लाल स्टूल लावतोस ना, तेव्हा वॉचमनकाका बघतात. तिला आवडत नाही."

झालं! सगळे लॉग वाचून झाल्यावर बग आपल्याच कोडमध्ये सापडावा, तसं काहीसं वाटलं.

आधी गाडीची पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे घरच्या वापरासाठी पिकप घेणारी माणसं मुळातच कमी. २०१६ मध्ये इसुझूचा व्ही-क्रॉस आला, २०२२ मध्ये टोयोटाचा हायलक्स, आणि आमच्यासारख्यांच्या डोक्यात किडा शिरला. माझी गाडी सेकंड हँड. कोणत्या कंपनीची ते सोडा, तिची यात काही चूक नाही. पहिल्या मालकाने सस्पेन्शनमध्ये दोन इंचांचा लिफ्ट किट टाकला होता आणि वर मोठे टायर. पहिल्यांदा बघितली तेव्हा बोनेट माझ्या छातीला लागत होतं, आणि मी तिथेच विकला गेलो. उलव्यात त्या दिवसांत अर्धे रस्ते खोदलेले, विमानतळासाठी टेकडी फोडून सपाट केलेली, डंपरांची ये-जा. "अशा रस्त्यांना अशीच गाडी पाहिजे" हे मी घरात ठणकावून सांगितलं. प्रत्यक्षात गाडी रोज जाते ती खारकोपर स्टेशनपर्यंत. असो.

तर आजीचा निकाल लागल्यावर मी शनिवारी सकाळी मेझरिंग टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत ६८ सेंटिमीटर. आता तुलनेला दुसरा आकडा घ्या. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या इमारतीतल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच असावी. म्हणजे मी माझ्या आईला, एक गुडघा बदललेला आणि दुसरा रांगेत असलेला, साडेतीन पायऱ्या एका ढांगेत चढायला सांगत होतो. तेही पाचवारी साडीत. निऱ्या आवळल्या की पाय किती वर जाणार, हा हिशेब मी आयुष्यात कधी केलाच नव्हता.

मग नेहमीप्रमाणे संशोधन सुरू. या विषयात तीन मुख्य जाती आहेत. पहिली, रनिंग बोर्ड: पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सपाट फळी. फोर्ड मॉडेल टी सारख्या जुन्या मोटारींना असायची तीच. तेव्हा गाड्यांच्या बॉड्या अरुंद आणि उंच होत्या, १९४० नंतर बॉडी रुंद झाली आणि फळी तिच्या पोटात गेली. दुसरी, ट्यूबवाली साइड स्टेप: गोल नळी आणि दारांखाली पाय ठेवायला खाच. दिसायला रुबाबदार, पण जुलैमध्ये ओल्या चपलेने त्या नळीवर पाय ठेवून बघा! तिसरी, रॉक स्लायडर. ही पायरी नव्हेच. खडकावर गाडी टेकली तर तिचं वजन झेलायला चासीला घट्ट बसवलेला जाड पाइप तो. तो मुद्दाम बॉडीलगत, शक्य तितका वर बसवतात. मला अर्थातच तोच हवा होता. त्यावर पाय ठेवून आई चढेल, असं मी स्वतःला पटवतही होतो.

इथे लिफ्टची खरी गंमत आहे. बॉडी लिफ्टमध्ये चासी तिथेच राहते आणि फक्त बॉडी वर जाते, म्हणजे चासीला लावलेली पायरी जमिनीपासून होती तेवढीच राहते, पण तिथून उंबरा दूर जातो. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासीसकट सगळंच वर जातं, पायरीही. माझ्या गाडीला तयार साइड स्टेप लावून बघितली तर ती जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आली. तिथून उंबरा २८. दुसरी ढांग ठीक, पण पहिलीच मारता येत नाही तर दुसरीचं काय लोणचं घालायचंय?

मग ब्रॅकेट लांब करून पायरी खाली आणा. आणता येते, पण दोन चाकांच्या मधलं पोट जितकं खाली तितकं ते उंचवट्यावर घासणार, म्हणजे लिफ्टचा उपयोग संपला. शिवाय ब्रॅकेट जितकं लांब तितका तरफेचा जोर बोल्टवर जास्त. पायरी पाय ठेवल्यावर जराशी जरी हलली, तरी म्हातारं माणूस पुन्हा तिच्यावर पाय ठेवत नाही.

एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला स्टेनलेस स्टीलची स्टेप दाखवली. "साहेब, एकदम ओरिजिनल ३०४, हे बघा, मॅग्नेट चिकटत नाही!" मी भारावलो. घरी येऊन वाचलं तर निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक जवळजवळ चिकटत नाहीच! म्हणजे ती परीक्षा पास झाली तरी ३०४ की २०२ ते कळत नाही. आणि आपण राहतो खाडीच्या काठाला. खाऱ्या हवेत २०२ वर तांबूस डाग लवकर पडतात. त्यापेक्षा चांगलं पावडर कोटिंग केलेलं साधं लोखंड किंवा ॲल्युमिनियम बरं, आणि वर रबराची खडबडीत पट्टी हवीच.

शेवटी कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ एका फॅब्रिकेटरकडे गेलो. माणूस जासईकडचा, ट्रकची पायदानं बनवण्यात हयात गेलेली. मी मोबाइलवर सतरा फोटो दाखवले. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "चढनार कोन?"

"आई."

"मंग दादा, पायरी कशाला खाली आनतोस? गाडीच खाली आन ना!"

मी हसलो. तो हसत नव्हता.

परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री कायदा वाचायला बसलो (हे मी गाडी घेण्याआधी करायला हवं होतं, मान्य आहे). मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदल पहिल्या मालकाचा होता, पण आता मालक मी. ज्या उंचीचा मला इतका माज होता ती मुळात कागदावर नव्हतीच.

तरी सांगतो, दोन आठवडे निर्णय झाला नाही. लिफ्ट काढायचा म्हणजे गाडी "नॉर्मल" होणार. सिग्नलला बाजूची पोरं वळून बघणार नाहीत. चाळिशीला टेकलेल्या माणसाने हे लिहावं का? पण खरं तेच आहे. वॉचमन बघतो म्हणून आई लाजत होती, आणि लोकांनी बघावं म्हणून मी तिला स्टुलावर चढवत होतो.

लिफ्ट काढला. कंपनीच्या मापाचे टायर घातले. गाडी सात सेंटिमीटर खाली आली. कंपनीच्याच ॲक्सेसरीजमधली साधी, सपाट, रबराची पट्टी असलेली साइड स्टेप लावली. जमिनीपासून ती ३३ सेंटिमीटर, तिथून उंबरा २८. ३३ म्हणजे जिन्याच्या हिशेबाने अजूनही जास्तच, पण मारता येण्यासारखी ढांग.

तेवढ्यावर मी खूश होतो. आईने पाय ठेवला आणि थांबली. हात हवेत चाचपडत होता.

"धरू कुठे?"

तेव्हा मी विचारलं, एसटीची पायरी तर बऱ्यापैकी उंच असते, तिथे कशी चढलीस?

"अरे, तिथे दांडा असतो ना! दांडा धरला की अर्धं वजन हातावर. तुझ्या गाडीत सगळं आहे, पण धरायला काही नाही."

सगळं संशोधन पायाचं केलं होतं, हाताचं डोक्यातच आलं नव्हतं! पुढच्या सीटच्या खांबावर हँडल होतं, पण लेक पुढे बसायचा हट्ट करते म्हणून आई नेहमी मागे. आता आजी पुढे आणि नात मागे, हा नियम झाला. (नातीने तो बिनतक्रार मानला, हे या लेखातलं सगळ्यात मोठं आश्चर्य.) फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं आईला पाठ आहेच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी काही विचारायच्या आत ती पदर खोचून खाली येऊन उभी राहिली. हँडल धरलं, चांगला पाय पायरीवर, मग उंबऱ्यावर, आणि बसली. स्टूल नाही, माझा हात नाही. वॉचमनकाका मोबाइलमध्ये होते, त्यांनी मान वर केली नाही.

"चल," आई म्हणाली, "तो अटल सेतू झाल्यापासून नुसती ऐकतेय."

सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. घरापासून इतका जवळ.