पुसण्याआधी

बरुआसागरच्या तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाला जुन्या वस्तूंचे मोल निराळे सांगावे लागत नाही. ओरछ्याच्या उदितसिंह राजाने बांध घालून अडवलेले पाणी आजही गावाच्या उशाशी आहे. १७४४ साली येथेच पेशव्यांचे सैन्य आणि बुंदेले एकमेकांशी लढले. नारोशंकरांच्या सुभेदारीत झाशीला मराठी घरे वसली. त्यांतल्याच एकाची शाखा आपण, असे वडील सांगत. आमच्या घरात बाहेरच्या ओसरीवर बुंदेली चालते आणि स्वयंपाकघरात मराठी.

गेल्या हिवाळ्यात नातीसाठी झाशीहून एक वापरलेला लॅपटॉप आणला. बॅटरी मेलेली होती. विंडोज सुरू व्हायला दहा मिनिटे घेई आणि अखेरीस कोणा अनोळखी माणसाचा पासवर्ड मागत थांबे. पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, लिनक्स घाला. जुन्या यंत्राला तेच मानवते.” १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेली ही प्रणाली. तिची संहिता सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. त्याने सांगितल्याप्रमाणे ‘डेबियन’ ही तिची एक आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

तिची एक सोय अशी, की यंत्रात काहीही न बदलता ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. तशी चालवली, आणि जुनी डिस्क आपोआप समोर उघडली. पासवर्डची गरजच पडली नाही. कुलूप दाराला होते, भिंत मोकळीच होती. आत कोणाच्या तरी लग्नाची छायाचित्रे होती, खाटेवर उन्हात बसलेली एक म्हातारी होती, औषधांची यादी होती. चार-दोन चित्रे पाहिली आणि परक्याच्या माजघरात शिरल्यासारखे वाटून मी ती खिडकी बंद केली.

मग स्थापनेला बसलो. प्रश्नांमागून प्रश्न येत गेले आणि एका ठिकाणी विचारणा झाली, की संपूर्ण डिस्क पुसून टाकायची काय? बोट तिथेच थांबले.

आमच्या माळ्यावर आजोबांच्या मोडी कागदांचे दोन गठ्ठे होते. वडिलांना मोडी येत नव्हती, मलाही नाही. घराची डागडुजी निघाली तेव्हा ‘वाचता तर येत नाही’ म्हणून त्यांतला एक गठ्ठा मी स्वतः रद्दीत घातला. त्यात काय होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही. पुसण्याचा अधिकार आपल्या हाती आला म्हणजे वस्तू आपली झाली, असे नसते. हे मला त्या पडद्यासमोर उमगले, आणि फार उशिरा उमगले.

स्थापना अर्ध्यावर सोडली. ती सारी सामग्री दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि दुकानदाराला फोन केला. तो आधी हसला. पण त्याने मूळ मालक शोधून काढला. चार दिवसांनी दुकानात एक तरुण भेटला. पेनड्राइव्ह हातात घेऊन त्याने एवढेच विचारले, “इसमें अम्मा की आवाज़ भी होगी?” मी म्हणालो, जे होते ते सगळे उतरवले आहे, उघडून मात्र पाहिलेले नाही. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला.

त्या रात्री इन्व्हर्टरच्या भरवशावर स्थापना पुरी केली. भाषांच्या यादीत ‘मराठी’ होती, ती निवडली. कोणी कोणी फावल्या वेळात बसून हे शब्द मराठीत आणले असतील, त्यांना आमचे गाव ठाऊकही नसेल. तासाभराने यंत्र नव्या तरतरीने उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी नात समोर बसली. घरात ती मराठी बोलते, पण शाळेमुळे लिहिणे सारे हिंदीतले. बराच वेळ कळफलक न्याहाळून तिने विचारले, “आजोबा, ‘ळ’ कुठे आहे?”

मी म्हटले, “‘ल’च्याच कळीवर. शिफ्ट दाबून धर.”

तिने सावकाश टंकले: तळे.